चिनी कथांमधले आदर्श गाव आणि परतीची वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वाचनगटाने काही चिनी कथा इंग्रजी अनुवादांतून वाचल्या आणि त्यांत एक गोष्ट सर्वांना खटकली. एखाद्याला लढाई नाही, शेतसारा नाही, उपासमार नाही असे गाव सापडते, गावकरी त्याला आग्रहाने जेवू घालतात, आणि तो मात्र चार दिवस राहून घरी जायला निघतो. पुढे ते गाव पुन्हा कुणालाच सापडत नाही. उलट ज्या कथांत माणूस घराच्या ओढीने गावी पोचतो, तिथे ओळखू येण्याजोगे घर उरलेले नसते. चिनी कथाकारांना आदर्श समाज रंगवायचाच नव्हता का, की आपले घर बरे आणि आपण बरे एवढेच त्यांचे सांगणे आहे, असे आपण विचारता. आणि पुढचे वाचन कोणत्या क्रमाने करावे, हेही.

मी बरीच वर्षे चिनी भाषा आणि साहित्य शिकवतो, अधूनमधून अनुवादही करतो, आणि हा प्रश्न वर्गात कोणत्या ना कोणत्या रूपाने येतोच. माझ्या मते अडचण कथांपेक्षा आपण सोबत नेलेल्या अपेक्षेत आहे. यूटोपिया म्हटले की आखीव नगर, नेमून दिलेले कायदे, वाटून दिलेली कामे असा आराखडा डोळ्यांसमोर येतो, कारण ती कल्पना आपल्यापर्यंत युरोपीय पुस्तकांतून पोचली. चिनी कथेतले आदर्श गाव असे बेतून उभारलेले क्वचितच असते. ते बहुधा कुणाचे तरी गमावलेले घरच असते, फक्त त्यातून सरकार वजा केलेले. म्हणून घराचा शोध आणि आदर्श जगाचा शोध हे दोन वेगळे विषय धरले की दोन्हीकडच्या कथा अर्ध्यावर सोडल्यासारख्या वाटतात. शिवाय या कथांत ठिकाणाचे वर्णन चार-दोन ओळींत उरकलेले असते. कथाकाराचे सारे लक्ष माणूस आत कसा शिरला, बाहेर का पडला आणि त्याच्याबरोबर बाहेर काय गेले, याकडे असते. मी वर्गात तिथेच बोट ठेवायला सांगतो.

अर्थात हे विधान सगळीकडे सरसकट लावता येणार नाही. कथा पदवीधर पंडिताने मित्रमंडळींसाठी लिहिली आहे की बाजारातल्या कथेकऱ्याने तिकीट घेऊन आलेल्या श्रोत्यांना सांगितली आहे, तिचा कर्ता युद्धामुळे परागंदा झाला होता की गावीच बसून लिहीत होता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. अनुवादही फरक पाडतो; काही अनुवादक प्रत्येक आडबाजूच्या गावाला स्वर्गाची झिलई देतात आणि मग मूळ कथेतले साधेपण हरवते.

सुरुवात थाओ युआन-मिंग या कवीच्या ‘पीचबहराचा झरा’ या कथेपासूनच करावी लागते, कारण पुढचे सगळे लेखक तिच्याशी बोलत असतात. इ.स. ४२१च्या सुमारास लिहिलेली ही कथा जेमतेम सव्वातीनशे अक्षरांची आहे. वू-लिंगचा एक कोळी ओढ्याने वर जाता जाता वाट चुकतो. दोन्ही काठांवर पीचचे बन लागते, दुसरे एक झाड त्यात नाही. बन संपते तिथे ओढ्याचा उगम, उगमाशी डोंगर, डोंगरात एक भोक आणि भोकातून उजेड आल्यासारखा दिसतो. तो होडी सोडून आत शिरतो. वाट आधी एक माणूस जेमतेम जाईल एवढीच असते, मग एकदम मोकळे रान लागते. नीटस घरे, सुपीक शेते, तळी, तुती, बांबू, पायवाटा, आणि एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत ऐकू येणारे कोंबड्यांचे आरवणे व कुत्र्यांचे भुंकणे. छिन राजवटीच्या (इ.स.पू. तिसरे शतक) धामधुमीत पूर्वज बायकामुलांसह इथे पळून आले आणि पुन्हा बाहेर गेलेच नाहीत, असे गावकरी सांगतात. आता कोणाचे राज्य आहे, असे ते विचारतात; पाचशे-सहाशे वर्षांत कोणकोणती घराणी येऊन गेली याचा त्यांना पत्ताच नसतो. घरोघरी दारू आणि जेवण होते. काही दिवसांनी कोळी निरोप घेतो, तेव्हा ते एवढेच म्हणतात, की हे बाहेरच्यांना सांगण्याजोगे काही नाही.

आता पुढचे वाक्य सावकाश वाचावे. कोळी होडीत बसतो, आल्या वाटेने परततो आणि जागोजागी खुणा करून ठेवतो. मग तो घरी जातो असे कथेत कुठेही लिहिलेले नाही. तो जातो थेट सुभ्याच्या अधिकाऱ्याकडे आणि सगळे सांगून टाकतो. अधिकारी लगेच माणसे धाडतो. खुणा सापडत नाहीत, वाट सापडत नाही. नंतर ल्यू त्झ-ची नावाचा एक सज्जन विद्वान हौसेने जायचे ठरवतो, पण जाण्यापूर्वीच आजारी पडून मरतो, आणि त्यानंतर वाट विचारणारा कोणी उरत नाही. आपल्या गटाने कोळ्याला मूर्ख ठरवले. मला तो मूर्ख वाटत नाही, तो सरकारदप्तरी नोंद असलेला माणूस वाटतो. जे पाहिले ते वर कळवायचे ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, आणि गावाला धोका नेमका त्याच सवयीचा आहे.

हे म्हणायला आधार आहे. कथेला जोडलेल्या कवितेत थाओ स्पष्ट लिहितो, की तिथे सुगी झाली तरी राजाचा सारा भरावा लागत नाही. त्या वेळच्या वाचकाला ही ओळ किती झोंबली असेल हे समजायला थोडा इतिहास हवा. ३१७च्या आगेमागे उत्तर चीन परकीय टोळ्यांच्या हाती गेल्यावर लाखो लोक दक्षिणेत उतरले. आपण लवकरच परत जाऊ या भरवशावर त्यांची नोंद वेगळ्या वहीत झाली; उत्तरेतल्या त्यांच्या हरवलेल्या जिल्ह्यांची नावे दक्षिणेतल्या जिल्ह्यांना देण्यात आली आणि त्यांना करात व वेठबिगारीत सवलत मिळाली. घर गेले होते, पण कागदावर ते शिल्लक होते, आणि तोवर साऱ्यात सूट होती. पुढे सरकारला पैसा आणि माणसे कमी पडू लागली, तशी या लोकांना जिथे राहता तिथलेच म्हणून नोंदवण्याची मोहीम वारंवार निघाली. त्यातली एक मोठी मोहीम ४१३ सालची, म्हणजे कथेच्या थोडीच आधीची. नोंद झाली की घराचा हक्क संपला आणि कराचा हप्ता सुरू झाला. अशा काळात नोंदवहीत नसलेल्या गावाची कथा लिहिली गेली, आणि तिच्यातला पाहुणा बाहेर पडून पहिली वर्दी अधिकाऱ्याला देतो. थाओ स्वतः दक्षिणेतलाच होता; पण ४०५ साली त्याने पंगत्सच्या दंडाधिकाऱ्याची नोकरी ऐंशीएक दिवसांत सोडली आणि शेती माजून जाईल, आता घरी गेलेच पाहिजे, असे लिहून तो गावी परतला होता. सरकारी कचेरी आतून कशी दिसते, हे त्याला ठाऊक होते.

त्या गावात अद्भुत काहीच नाही. माणसांचे कपडे बाहेरच्यांसारखेच आहेत, असे थाओ मुद्दाम सांगतो. तांग काळात (आठवे शतक) वांग वेय या कवीने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या कवितेत तिथे अमर सिद्धपुरुष आणून बसवले, आणि चित्रकारांना तेच आवडले. सोंग काळात (अकरावे शतक) सू शी या कवीने हे खोडून काढले. अमर लोक पाहुण्यासाठी कोंबडी कशाला मारतील, असा साधा सवाल त्याच्या युक्तिवादात आहे. त्याचाच समकालीन वांग आन-शी, जो पुढे पंतप्रधान झाला आणि करसुधारणांसाठी गाजला, त्याने याच कथेवर लिहिताना म्हटले की तिथे बाप-लेक आहेत, पण राजा आणि चाकर नाहीत. नाती तीच, घर तेच; वरचा मजला तेवढा काढून टाकलेला. कोंबड्यावरून आठवले म्हणून सांगतो. लाओत्सेच्या ग्रंथाच्या ऐंशीव्या प्रकरणात असे चिमुकले राज्य आहे, जिथे शेजारच्या राज्यातले कोंबडे-कुत्रे ऐकू येतात, पण लोक म्हातारे होऊन मरेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. थाओने ते आरवणे तिथूनच उचलले असणार. फरक एवढाच, की लाओत्सेच्या गावात कोंबडा निर्धास्त आहे, कारण तिथे पाहुणा येत नाही.

आता दुसरी कथा, जी मला व्यक्तिशः पहिलीपेक्षाही आवडते आणि जी संग्रहांत फारशी दिसत नाही. पाचव्या शतकातल्या ल्यू यी-छिंगच्या नावावर असलेल्या एका अद्भुतकथासंग्रहात ती आहे. ल्यू छन आणि रुआन चाओ हे दोघे थ्यानथाय डोंगरात झाडाची साल गोळा करायला जातात आणि वाट चुकतात. तेरा दिवस उपाशी फिरल्यावर उंचावर एक पीचचे झाड दिसते, त्याची फळे खाऊन ते ओढ्यावर पाणी प्यायला उतरतात. पाण्यातून सलगमची ताजी पाने वाहत येतात. मागोमाग एक वाटी येते, तिच्यात तिळाच्या भाताची शिते. म्हणजे वर माणसे आहेत. ते प्रवाहाच्या उलट चालत जातात, तर काठावर उभ्या असलेल्या दोन सुंदर स्त्रिया हसून म्हणतात, की आमची वाहून गेलेली वाटी ल्यू आणि रुआन घेऊन आले म्हणायचे. नावानिशी, जुनी ओळख असल्यासारखे. पुढे संसार, सुख, वसंतासारखी हवा. सहा महिन्यांनी पाखरांचे आवाज ऐकून दोघांना घर आठवते आणि ते निघतात. खाली येतात तर ओळखीचे कोणी नाही, घरे बदललेली. विचारपूस करता करता सातव्या पिढीचा एक वंशज भेटतो. त्याला एवढेच ऐकून माहीत असते, की आपला कोणी पूर्वज डोंगरात गेला आणि परत आला नाही.

आपल्या प्रश्नातले दोन्ही भाग इथे एकाच कथेत आले आहेत. आदर्श ठिकाण सोडले ते घरासाठी, आणि घर गेले ते आदर्श ठिकाणी राहिल्यामुळे. यात कुठेही ‘घरी राहा’ असा उपदेश नाही. उपदेश करायचा असता तर कथाकाराने त्यांना घर सापडू दिले असते. इ.स. ३८३ साली ते दोघे पुन्हा कुठेतरी निघून गेले, एवढे सांगून कथा थांबते. थाओच्या कोळ्याची गोष्टही याच सम्राटाच्या कारकिर्दीत घडते. योगायोग असेल, पण त्या काळात घर सोडून अदृश्य होण्याच्या कथा पुष्कळ होत्या हे खरे.

दोन्ही कथांत पाणी आतून बाहेर वाहते आणि माणूस त्याच्या उलट जातो, हे लक्षात आले असेल. ही खूण धरून ‘पश्चिमेची यात्रा’ उघडावी. या शंभर प्रकरणांच्या कादंबरीची सर्वांत जुनी उपलब्ध छापील प्रत १५९२ची आहे. पहिल्याच प्रकरणात पुष्पफल डोंगरावरची माकडे उन्हाळ्यात ओढ्यात डुंबत असतात आणि त्यांना प्रश्न पडतो, की हे पाणी येते कुठून? सगळी वर चढतात, तर धबधबा लागतो. त्यातून आत जाऊन धडधाकट परत येईल त्याला राजा करू, असे ठरते. दगडातून जन्मलेला वानर, पुढचा सुन वू-खोंग, उडी मारतो. आत पूल आहे, दगडी घर आहे, दगडाच्या चुली, भांडी, पलंग, सगळे तयार. अट नीट पाहा: नुसते आत जाऊन भागत नाही, परत यायचे आहे. थाओच्या कोळ्याने बाहेर येऊन गाव धोक्यात घातले. वानराने बाहेर येऊन सगळ्या टोळीला घर दिले. तरी काही शतके मजेत गेल्यावर एका मेजवानीत हा राजा रडू लागतो. आपल्यावर कोणा मानवी राजाचा कायदा चालत नाही, पण म्हातारपण आले की यमाचा चालेल, ही त्याची चिंता. तो घर सोडून अमरत्व शोधायला निघतो, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून घडतो.

त्या कादंबरीतले दुसरे आदर्श ठिकाण म्हणजे आपला देश. पश्चिमेकडे बुद्धाची भूमी आहे, तिथे खरे ग्रंथ आहेत, म्हणून एक भिक्षू गुरू आणि वानरासह त्याचे शिष्य चौदा वर्षे चालून तिथे पोचतात. आणि अठ्ठ्याण्णवाव्या प्रकरणात ग्रंथ देणारे आनंद व काश्यप त्यांच्याकडे चिरीमिरी मागतात. ती मिळत नाही म्हणून कोरे कागद बांधून देतात. तक्रार बुद्धापर्यंत गेल्यावर तो हसतो आणि ग्रंथ फुकट देण्याची रीत नाही असे सांगतो. शेवटी गुरूला सम्राटाने दिलेले सोन्याचे भिक्षापात्र हवाली करावे लागते, तेव्हा अक्षरे असलेले ग्रंथ मिळतात. मराठी वाचकाला यात एक खासगी गंमत आहे. ज्याच्यावरून हा गुरू बेतला, तो खरा युआन श्वांग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला होता, आणि इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. स्वप्नातल्या भूमीत त्याला हत्ती, सैनिक, चोर-दरोडेखोर सगळे भेटले, आणि ६४५ साली तो ग्रंथ घेऊन आपल्या राजधानीत परतला.

आतापर्यंतच्या कथांत माणसे बाहेरून आत जात होती. अठराव्या शतकातल्या छाओ शुए-छिनच्या ‘लाल दालनाचे स्वप्न’ या कादंबरीत नजर उलटी फिरते. चिया घराण्याची थोरली लेक सम्राटाची राणी होते, तिच्या माहेरच्या एका भेटीसाठी अफाट खर्च करून एक बाग उभारली जाते, आणि नंतर तिच्याच आज्ञेवरून घरातल्या मुली आणि त्यांचा लाडका भाऊ बाओ-यू तिथे राहायला जातात. चिनी साहित्यात आदर्श जगाचे इतके भरघोस चित्र दुसरे नाही. तेविसाव्या प्रकरणात बाओ-यू पुलाजवळ पीचच्या झाडाखाली वाचत बसलेला असतो. वाऱ्याने पाकळ्यांचा सडा त्याच्या अंगावर आणि पुस्तकावर पडतो. पायदळी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून तो त्या ओंजळीने नेऊन पाण्यात सोडतो. इतक्यात लिन दाय-यू खांद्यावर कुदळ घेऊन येते आणि पाण्यात सोडू नको म्हणते. इथले पाणी स्वच्छ आहे, पण बाहेर पडले की ते लोकांच्या घरांपाशी जाते, तिथे लोक वाटेल ती घाण टाकतात; म्हणून तिने कोपऱ्यात फुलांसाठी थडगे केले आहे, रेशमी पिशवीत भरून ती पाकळ्या पुरते.

तेच पीच, तेच वाहते पाणी. पण थाओच्या कथेत कोळी बाहेरून उगमाकडे गेला; इथे आत राहणारी मुलगी विचारते की पुढे हे पाणी जाते कुठे. ती पोरकी आहे, नातलगांच्या घरी आश्रित आहे, ही बाग तिची नाही हे तिच्याइतके कुणाला कळत नाही. बाग ज्या पैशावर उभी आहे तो कुठून येतो, कसा आटतो, हेही कादंबरी बारकाईने सांगते, आणि चौऱ्याहत्तराव्या प्रकरणात घरातल्याच बायका रात्री मुलींच्या पेट्या उपसत बागेची झडती घेतात, तेव्हा पुढे येणाऱ्या सरकारी जप्तीची तालीम घरातच झाल्यासारखे वाटते. आपल्या गटाला एकच लांब पुस्तक पेलणार असेल तर हेच घ्यावे. सगळे जमले नाही तरी एवढी दोन प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत.

घर हेच आदर्श जग होऊन बसते कसे, याचे उत्तम उदाहरण मात्र कथेत नाही, एका आठवणींच्या पुस्तकात आहे. ११२७ साली कायफेंग ही सोंग राजधानी उत्तरेकडच्या जुर्चेनांनी घेतली आणि दरबार दक्षिणेत हांगझोऊला गेला. त्या पळापळीत आलेल्या मंग युआन-लाओ नावाच्या माणसाने ११४७ साली जुन्या शहराचे वर्णन पुरे केले. कोणत्या गल्लीत कोणते खाणे मिळे, रात्रीचा बाजार कुठवर चाले, तमाशाच्या मांडवांत कोण काय सांगे, सगळे त्यात आहे. एक कथेकरी फक्त तीन राज्यांच्या लढाया सांगे, दुसरा फक्त पाच राजवटींचा इतिहास. पुस्तकाला नाव देताना त्याने पीत सम्राटाची जुनी दंतकथा आठवली. हा सम्राट दिवसा झोपला असता स्वप्नात ह्वाश्यूच्या देशी गेला, जिथे राजा नाही, हाव नाही, मरणाची भीती नाही. मंगच्या लेखी ते स्वप्नातले राज्य म्हणजे खाऊच्या दुकानांनी भरलेले त्याचे गमावलेले शहर. ध्येयवादी माणसाला ही घसरण वाटेल, मला ती प्रामाणिक वाटते.

बाजारातल्या कथेकऱ्यांच्या परंपरेतून आलेली ‘दलदलीकाठ’ची कादंबरी, १०८ बंडखोरांची, आपल्या गटाने बहुधा ऐकली असेल. ल्यांगशान हे पाण्याने वेढलेले ठाणे बेघर झालेल्यांचे घर आहे, पण त्यांचा पुढारी सोंग च्यांग सभागृहाच्या नावात राजनिष्ठा घालतो आणि सम्राटाची माफी मिळवून सर्वांना सरकारी मोहिमांवर नेतो, जिथे बहुतेक मरतात. चिन शंग-थानने १६४१ साली माफीचा सगळा भाग कापून सत्तर प्रकरणांची आवृत्ती काढली आणि पुढची काही शतके लोकांनी तीच वाचली. परतीची वाट कापली, की गोष्ट लोकांना आवडते, असा त्यातून निष्कर्ष काढायला हरकत नाही.

आराखडेवजा आदर्श समाज चिनी साहित्यात अजिबात नाही असे मात्र म्हणू नये. कन्फ्यूशियन परंपरेतला ‘महान ऐक्या’चा उतारा आहे, आणि त्याच्यावर आधुनिक काळात खांग यौ-वेय या सुधारक विचारवंताने अख्खा ग्रंथ रचला; पण ती राजनीती झाली, कथा नव्हे. कथेत हवे असेल तर ली रू-चनची १८१८ साली छापलेली ‘आरशातली फुले’ वाचावी. तिच्यातल्या सज्जनांच्या देशात गिऱ्हाईक म्हणते, इतका चांगला माल इतक्या स्वस्तात घेऊन मला झोप कशी लागेल, जरा भाव वाढवा; आणि दुकानदार म्हणतो, आधीच जास्त सांगितला आहे, आणखी लाजवू नका. घासाघीस संपत नाही. पुढे स्त्रियांच्या देशात व्यापारी लिनला राणीमहालासाठी पसंत करून त्याचे पाय बांधले जातात, आणि ज्या यातना चीनमधल्या पोरींच्या रोजच्या होत्या त्या वाचकाला पहिल्यांदा पुरुषाच्या तोंडून ऐकू येतात.

आता विसाव्या शतकाकडे. लू शुन यांची ‘माझे जुने गाव’ ही १९२१ची कथा म्हणजे थाओची कथा आतून उलटी केलेली. निवेदक वीस वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, घर विकून आईला घेऊन जायला येतो; लू शुन स्वतः १९१९च्या डिसेंबरात शाओशिंगचे घर विकायला असेच गेले होते. निवेदकाच्या मनातले गाव म्हणजे एक चित्र आहे: सोनेरी चंद्राखाली कलिंगडाच्या मळ्यात भाला घेऊन उभा असलेला रुन-थू हा बालमित्र. तोच रुन-थू आता येतो तो सुरकुतलेला, हात भेगाळलेले, आणि तोंडातून शब्द निघतो ‘मालक!’ पोरे फार, दुष्काळ, कर, शिपाई, दरोडेखोर, अधिकारी, जमीनदार, या सगळ्यांनी त्याला पिळून काढले आहे, असे आई आणि निवेदक म्हणतात. थाओच्या गावात जे जे नव्हते, ती जणू त्याची यादीच आहे.

निघताना रुन-थूला हवे ते नेऊ देतात. तो दोन लांब टेबले, चार खुर्च्या, एक तराजू आणि उदबत्तीची एक दाणी मेणबत्तीच्या ठाणवयांसह मागतो. निवेदक मनात हसतो, हा अजून मूर्तिपूजेत अडकला आहे. पण होडीत बसल्यावर त्याच्या मनात येते, की पुढच्या पिढीला वेगळे आयुष्य मिळेल ही आपली आशा हीसुद्धा आपणच घडवलेली मूर्ती नाही का. त्याची मूर्ती जवळची, आपली लांबची, एवढाच फरक. ज्या वाक्यासाठी ही कथा चिनी शाळांतून पाठ केली जाते, ते रस्त्याबद्दलचे वाक्य (जमिनीवर मुळात रस्ता नसतो, पुष्कळ माणसे चालली की तो होतो) याच्या नंतर येते, आणि दाणीचा प्रसंग गाळून ते उद्धृत केले की उगाच उत्साही वाटते. राखेच्या ढिगात दडवलेल्या वाट्या-थाळ्या सापडतात, त्या रुन-थूनेच ठेवल्या असे शेजारीण म्हणते, त्या खरोखर कुणी ठेवल्या हे लू शुन सांगत नाहीत. वाचनगटात यावर अर्धा तास तरी वाद व्हायला हवा.

पुढचे थोडक्यात सांगतो. शन छोंग-वन यांची १९३४ची ‘सीमेवरचे गाव’ ही लघुकादंबरी पश्चिम हुनानमधल्या एका तरीवर घडते. तिला अनेक जण आधुनिक पीचबहर म्हणतात, पण तिच्यात म्हातारा नावाडी मरतो, पांढरा मनोरा कोसळतो आणि त्याची नात छुय-छुय अशा माणसाची वाट पाहत राहते जो कदाचित कधीच येणार नाही, कदाचित उद्याच येईल. १९४९नंतर तैवानला गेलेल्यांचे घर समुद्रापलीकडे राहिले. पाय श्यान-योंग यांच्या १९७१च्या ‘तायपेयची माणसे’ या संग्रहात ती माणसे जुन्या शहरांतल्या पदार्थांची आणि नाचघरांची नावे नव्या दुकानांवर लावून जगतात, चौथ्या शतकातल्या निर्वासित जिल्ह्यांसारखीच. मुख्य भूमीवर १९५८च्या कायद्याने माणसाची नोंद त्याच्या गावाशी बांधली, आणि शहरात राबणाऱ्या पण नोंदीने खेड्यातच राहिलेल्या मजुरांच्या आजच्या कथा वाचताना थाओच्या कोळ्याची आणि त्या वहीची आठवण ठेवावी.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. पहिल्या बैठकीला थाओची कथा तिच्या कवितेसह आणि थ्यानथायच्या दोघांची कथा, दोन्ही एकत्र. दोन्ही मिळून अर्ध्या तासात वाचून होतात. दुसऱ्या बैठकीला लू शुन. मग ‘पश्चिमेची यात्रा’चे पहिले आणि अठ्ठ्याण्णवावे प्रकरण, आणि त्यानंतर बागेची ती दोन प्रकरणे. ग फेय यांची २००४ साली सुरू झालेली तीन कादंबऱ्यांची मालिका शेवटी ठेवावी. तिच्या पहिल्या भागात पीचबहराच्या ध्यासाने वेडा झालेला बाप घर सोडून जातो, मुलीला लग्नाच्या वाटेवर दरोडेखोर पळवून नेतात, आणि ते ज्या बेटावर नेतात ते कुणी एकाने आदर्श गाव म्हणून वसवलेले असते, हे आधीच्या कथा वाचल्याशिवाय पूर्ण लागत नाही. अनुवाद निवडताना थाओच्या कथेतले एकच वाक्य तपासा: गावकऱ्यांचे कपडे बाहेरच्यांसारखे आहेत की परक्या मुलखातल्यांसारखे. काही अनुवादांत ते दुसऱ्या प्रकारे केलेले असते. तो अनुवाद बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.